आलेखांचे नमुनादालन



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की श्रोते संप, बोनस, कायदा असे काहीतरी ऐकण्याच्या तयारीने बसतात. आजचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकावर आलेख काढण्याची जी फुकट आणि खुली साधने आहेत, त्यांच्या नमुन्यांचे दालन कसे लावावे, हा तो विषय. हे काम इंजिनिअरांचे, येथे युनियनवाल्याचे काय अडले आहे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की वाटाघाटीचे टेबल आकडा ज्याच्या हाती असतो त्याच्या बाजूला झुकते. आणि तो आकडा चित्रात मांडून दाखवता आला तर ते अधिकच झुकते. म्हणून चित्र काढण्याची विद्या कोणाला सापडते आणि कोणाला सापडत नाही, हा प्रश्न मी माझ्या धंद्याचाच समजतो.

हे काही मी नवे सांगत नाही. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी महागाईच्या निर्देशांकाविरुद्ध मोठे आंदोलन केले. बाजारात भाव चढत होते, आणि ज्या निर्देशांकावर महागाई भत्ता ठरायचा तो त्या मानाने हलत नव्हता. कामगार म्हणत होते की आकडा खोटा आहे. पण खोटा आहे असे नुसते म्हणून भागत नाही, तो कोठे चुकला ते दाखवावे लागते. अखेर राज्य सरकारने डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने हिशेब तपासला, आणि निर्देशांकात दुरुस्ती सुचवली. हजारो घरांतल्या चुलीचा प्रश्न एका कोष्टकात अडकला होता. ते कोष्टक उघडून पाहता आले तेव्हा तो सुटण्याच्या मार्गाला लागला.

आता काळ बदलला. कोष्टकाऐवजी भिंतीवर रंगीत आलेख पडतो. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, वेतनकराराच्या बैठकीत आम्हाला असाच एक आलेख दाखवण्यात आला. त्यातले आकडे मी येथे सांगत नाही, पण युक्ती सांगतो. समजा पगार अठरा हजारांवरून साडेएकोणीस हजारांवर गेला. वाढ झाली सव्वाआठ टक्क्यांच्या किंचित वर. आता दोन खांब काढा, आणि खालची रेघ शून्यावर न ठेवता साडेसतरा हजारांवर ठेवा. पहिला खांब पाचशेचा दिसेल आणि दुसरा दोन हजारांचा. म्हणजे पगार चौपट झाल्यासारखा डोळ्यांना वाटेल. एकही आकडा खोटा नाही, आणि तरी चित्र खोटे आहे. यावर भाषण करून उपयोग नसतो. तेच आकडे घेऊन, रेघ शून्यावर ठेवून, दुसरा आलेख दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवावा लागतो. तो काढता आला पाहिजे.

काढायचा कसा? येथे खुल्या साधनांची गोष्ट सुरू होते.

जॉन हंटर नावाचा एक अमेरिकन संशोधक शिकागोला मेंदूच्या विकारांवर काम करीत होता. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरी त्याला कागदावर पाहायच्या होत्या. विकतची साधने होती, पण त्यांचा पोटात काय चालते ते उघडून पाहता येत नव्हते. म्हणून त्याने पायथन या संगणकभाषेत आलेख काढण्याचे साधन स्वतः लिहायला घेतले आणि २००३ साली ते सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव मॅटप्लॉटलिब. खुले याचा अर्थ नुसते फुकट असा नव्हे. त्याची घडण कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी लेखी दिलेली असते. हंटर २०१२ साली कर्करोगाने गेला. पण साधन मेले नाही, कारण ते तोवर शेकडो हातांचे झाले होते. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले, त्या कामातही हे साधन वापरले गेले. जे खगोलशास्त्रज्ञाला मिळते तेच पलूसच्या फौंड्रीतल्या कामगाराच्या मुलालाही मिळते, एक पैसा न देता.

मिळते खरे, पण ते चालवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. अशा साधनाला बटणे फारशी नसतात. चार-दहा ओळींत आज्ञा लिहायच्या, मग चित्र उमटते. त्या आज्ञांची यादी केली तर जाडजूड ग्रंथ होतो. तो ग्रंथ अक्षरक्रमाने लावलेला असतो, आणि अक्षरक्रमाने लावलेल्या ग्रंथात शोधायचे तर आधी शब्द माहीत असावा लागतो. माझ्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाची अडचण नेमकी येथे असते. मला काय हवे ते मला दिसते, पण त्याला काय म्हणतात ते ठाऊक नसते. अशा माणसासाठी नमुन्यांचे दालन असते. एका पानावर लहान लहान चित्रे मांडलेली; रेघांची, खांबांची, ठिपक्यांची, नकाशासारख्या वळणांची. आपल्याला हवे तसे चित्र दिसले की त्यावर बोट ठेवायचे, आणि ते ज्या ओळींनी काढले त्या ओळी समोर येतात. त्या उतरून घ्यायच्या, आपले आकडे घालायचे. नाव ठाऊक नसलेल्या माणसाचा हा शब्दकोश आहे.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला मला परदेशात जायला नको. आपल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघरी गेले. स्वयंपाकाची पुस्तके त्याआधीही होती. पण 'रुचिरा'त माप वाटीचे आणि चमच्याचे आहे. अंदाजाने मीठ घाला असे म्हटले की ज्याला अंदाज नाही तो तेथेच थांबतो. नव्या सुनेला, किंवा घर सोडून नोकरीला गेलेल्या मुलाला, पुस्तक उघडून पदार्थ शेवटपर्यंत नेता आला पाहिजे. चांगल्या नमुन्याची हीच कसोटी आहे. त्यात आकडे दिलेले असावेत, ओळी पूर्ण असाव्यात, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवल्यावर शेजारी छापलेलेच चित्र निघावे. एका नमुन्यात एकच गोष्ट शिकवावी. हुशारी दाखवण्यासाठी एकाच चित्रात सात युक्त्या घातल्या, की पाहणारा टाळी वाजवून निघून जातो आणि शिकत काहीच नाही.

ही पद्धत आपल्या परंपरेतही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' सिद्ध केली, तीत आधी सूत्र आणि लगेच त्याचे उदाहरण अशी बांधणी आहे. सूत्र पाठ होते, पण हाताला वळण उदाहरणाने लागते.

तर दालन लावण्यात अवघड ते काय? चित्रे गोळा केली की झाले, असे वाटेल. तसे होत नाही. मॅटप्लॉटलिबचेच पाहा. पुष्कळ वर्षे त्याचे नमुने ज्या कप्प्यांत ठेवलेले असत, त्यांची नावे साधनाच्या आतल्या भागांवरून दिलेली होती. ज्याने यंत्र बांधले त्याला ते कप्पे सोयीचे. बाहेरून येणाऱ्याला आतले भाग ठाऊक असण्याचे कारण काय? किराणा मालाच्या दुकानात माल कोणत्या ट्रकने आला त्यावरून मांडला, तर मालकाला हिशेब सोपा पडेल, पण गिऱ्हाईक गुळाची ढेप शोधत हिंडेल. २०१७ साली त्या मंडळींनी सगळे दालन हलवले. रेघा, खांब आणि खुणा एकीकडे. संख्याशास्त्राची चित्रे एकीकडे. वर्तुळातली चित्रे, अक्षरे व टिपा, रंग, घनाकृती अशी विषयवार मांडणी केली. नमुने पाचशेच्या घरात होते. प्रत्येक उचलून, वाचून, योग्य जागी ठेवायचा. या कामाला कोणी हार घालीत नाही.

त्याच वेळी आणखी एक शहाणपण झाले, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येऊन मिळतो. मुंबईला पवईच्या आय. आय. टी.तले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घनाकृती चित्रांचे एक खुले साधन केले. त्याचे नाव 'मायावी'. मायावीलाही नमुन्यांचे दालन आहे, आणि त्याची मांडणी पायरीपायरीची आहे: आधी एका आज्ञेत निघणारी सोपी चित्रे, मग पुढची, मग हाताने हलवता-फिरवता येणारी. मायावीच्या कामात गाएल व्हारोको या फ्रेंच शास्त्रज्ञाचा मोठा हात होता. पुढे तो दुसऱ्या एका खुल्या प्रकल्पात रमला, आणि त्या प्रकल्पातल्या मंडळींनी नमुने लावण्यासाठी जे साधन घडवले त्यातून स्फिंक्स-गॅलरी नावाची यंत्रणा उभी राहिली. मॅटप्लॉटलिबने २०१७ साली तीच स्वीकारली.

ही यंत्रणा करते काय? दालन छापायची वेळ आली की ती नमुन्याची प्रत्येक फाईल खरोखर चालवून पाहते. निघालेले चित्र उचलते, त्याची लहान प्रत करते, खाली त्या ओळी छापते. एखादा नमुना मोडला असेल तर तेथल्या तेथे बोंब मारते. शिवाय कोणत्या नमुन्यात कोणती आज्ञा वापरली याची उलटी नोंद ठेवते, म्हणजे आज्ञेच्या पानावरून नमुन्याकडे जाता येते. याचे महत्त्व कामगाराला चटकन पटेल. नोटीसबोर्डावर तीन वर्षांपूर्वीचा भत्त्याचा तक्ता लटकत असेल, तर कोरा बोर्ड परवडला. जुना, न चालणारा नमुना नवशिक्याचे असेच नुकसान करतो, कारण दोष नमुन्याचा असतो आणि तो बिचारा समजतो की आपल्यालाच अक्कल नाही.

आता मी आपल्या मुलखाकडे वळतो. शिकागोचे नमुने आपल्याला उपयोगी आहेत, पण त्यांतले आकडे बहुधा मनचे असतात, नाहीतर परक्या देशातले. आपल्या कृष्णाकाठच्या आकड्यांचे एक मराठी दालन असावे, असे माझे म्हणणे आहे. ते कप्प्यांवरून लावू नये. माणूस जो प्रश्न घेऊन येतो त्यावरून लावावे. चार नमुने सांगतो.

पहिला प्रश्न: पाणी कोठवर आले? सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची उंची मोजतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे येथल्या पोरालाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. रोजची उंची एका रेघेने दाखवावी, आणि चाळीस व पंचेचाळीसवर दोन आडव्या रेघा ओढाव्यात. चढण्याचा वेग डोळ्यांना दिसला, की सामान केव्हा हलवायचे हे ज्याचे त्याला कळते. नमुन्यातली शिकवण एकच: रेघ आणि मर्यादेच्या खुणा.

दुसरा प्रश्न: पाऊस कोणाकडे किती? एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. खांब काढावेत आणि रेघ शून्यावरच ठेवावी. मघाची खोट येथे उघडी पडते, कारण शून्यावरून काढलेला दहापट फरक खराच दहापट असतो.

तिसरा प्रश्न: दोन गोष्टी बरोबरीने चालतात काय? कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. तेव्हापासून जलाशयाची पातळी आणि भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञ अभ्यासत आले आहेत. डावीकडे एक मोजपट्टी, उजवीकडे दुसरी, असा आलेख काढायला शिकावे. आणि त्याच नमुन्यात खाली लिहावे, की दोन पट्ट्या ताणून-आवळून कोणत्याही दोन रेघा एकमेकींवर बसवता येतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवण्याआधी हिशेब करावा.

चौथा नमुना माझ्या खात्याचा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक सिमल्याचे लेबर ब्युरो काढते. ऑगस्ट २०२० पर्यंत तो २००१ सालाला शंभर धरून होता, आणि त्या महिन्याचा आकडा ३३८ होता. सप्टेंबर २०२० पासून २०१६ सालाला शंभर धरले, आणि आकडा झाला ११८.१. दोन्ही एकाच रेघेत ओढले तर महागाई एका महिन्यात कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. असा आलेख भत्त्याच्या बैठकीत फिरला तर काय अनर्थ होईल? जोडगुणक २.८८ आहे. ११८.१ ला त्याने गुणले की ३४० येतात, आणि रेघ सरळ पुढे चालते. मालिका बदलली तर सांधा कसा जोडावा, हा नमुना प्रत्येक युनियनच्या कचेरीत असायला हवा. आपल्या दोन जिल्ह्यांना या मालिकेत स्वतंत्र केंद्र नाही, पुणे आणि सोलापूर ही आपल्या बाजूची केंद्रे, हेही त्यात लिहावे.

यात भाषेचा प्रश्न येतो, आणि तो वरवरचा नाही. कित्येक वर्षे मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी अक्षरे नीट उमटत नव्हती. त्याच्या नेहमीच्या टंकात देवनागरी नसल्याने नुसते चौकोन दिसत. देवनागरी टंक दिला तरी 'सातारा' आणि 'सांगली' बरे उमटत, पण 'विटा' लिहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, आणि 'किर्लोस्करवाडी'ची जोडाक्षरे फुटत. उपाय होता: अक्षरे जुळवण्याचे काम दुसऱ्या साधनाकडे सोपवायचे. पण तो उपाय ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. इतर जण निमूटपणे इंग्रजीत नावे घालत, आणि आलेख गेटसभेत दाखवला की मागच्या रांगेतला माणूस मान खाली घालून बसे. मराठी दालनाच्या पहिल्याच कप्प्यात 'मराठी अक्षरे शुद्ध कशी आणावीत' हा चालता नमुना असला पाहिजे.

कोणी म्हणेल, आता या उठाठेवीची गरज काय? यंत्राला मराठीत प्रश्न विचारला की तेच ओळी लिहून देते. देते, आणि मीही ते वापरतो. पण ते यंत्र शिकले ते अशाच लोकांनी उघड्यावर मांडलेल्या लिखाणातून. जे कोणी मांडलेच नाही ते त्याला कोठून येणार? आणि त्याने दिलेल्या ओळींत जोडगुणक विसरला आहे की नाही हे ताडून पाहायला हाताशी एक तपासलेला नमुना लागतोच. तराजू असला तरी वजने खरी लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नमुने उतरवून माणूस नकल्या होतो, त्याला समजत काही नाही. हे खरे आहे, आणि त्याचा दोष पुष्कळदा नमुना लिहिणाऱ्याकडे जातो. प्रत्येक नमुन्यावर दोन वाक्ये हवीत: हे चित्र कोणत्या प्रश्नाला उत्तर देते, आणि कोणत्या ठिकाणी फसवू शकते. लेथवर नवा पोरगा आधी वस्तादाचे पाहूनच हात चालवतो. पण वस्ताद चांगला असला तर तो का ते सांगतो.

आता हे करायचे कोणी? येथे माझा अनुभव संघटनेचा आहे, आणि खुल्या प्रकल्पाची प्रकृती युनियनसारखीच असते असे मला दिसते. उत्साहाच्या भरात नमुने देणारे पुष्कळ मिळतात. ते जपणारे थोडे. दिलेल्याची छाननी करणे, दुहेरी झालेले काढून टाकणे, वर्षातून एकदा सगळे चाळणे, हे वर्गणी गोळा करण्याइतके नीरस काम आहे, आणि वर्गणीवाचून युनियन जशी उभी राहत नाही तसे त्यावाचून दालन उभे राहत नाही. काढून टाकण्याचे धैर्यही हवे. सारखेच दहा नमुने असले की नवखा दहातला कोणता या विचारातच दमतो.

पवईच्याच आय. आय. टी.त फॉसी नावाचा प्रकल्प आहे. केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. त्यात देशभरच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे खुल्या साधनांत लिहून दिली. कोणी तरी ती तपासली. आणि विद्यार्थ्याला मानधन मिळाले. अशी शेकडो पुस्तके झाली. यातल्या तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. काम लहान तुकड्यांत वाटलेले होते, प्रत्येक तुकड्याला तपासनीस होता, आणि श्रमाला मोल होते. स्वयंसेवेच्या नावाखाली पोरांकडून फुकट राबवून घेणे मला मान्य नाही, आणि ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवले, तेथे ते कोणालाच मान्य होऊ नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सांगलीत १९४७ साली स्थापन झालेले वालचंद महाविद्यालय आहे, साताऱ्याला रयतची महाविद्यालये आहेत, दोन्हीकडे चांगली सार्वजनिक वाचनालये आहेत. विद्यार्थ्यांनी ओळी लिहाव्यात. प्रश्न मात्र बाहेरून यावेत: हळदीच्या अडत्याकडून, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाकडून, अंगणवाडीच्या ताईंकडून, युनियनकडून. दर नमुन्याला एक जबाबदार नाव असावे, आणि ते नाव दोन वर्षांनी बदलावे. पहिल्या वर्षी पन्नास नमुने झाले तरी पुरेत. पण पन्नासही चालले पाहिजेत. आणि छाननीच्या बैठकीत एक जागा अशा माणसासाठी राखून ठेवावी, ज्याने आयुष्यात एकही आलेख काढलेला नाही. नमुना त्याला करून पाहायला द्यावा. तो जेथे अडेल तेथे नमुना सुधारावा.

१९६३ साली मुंबईच्या कामगाराला कोष्टक तपासायला समितीची वाट पाहावी लागली. आज साधन फुकट आहे, आकडे पुष्कळसे उघड आहेत, आणि तरी बहुसंख्य माणसे दुसऱ्याने काढलेले चित्र पाहून मान डोलावतात. मधला पूल नीट लावलेल्या नमुन्यांचा आहे. तो बांधायला मोठे भांडवल लागत नाही, नेटाने काम करणारी दहा-बारा माणसे लागतात. या सभागृहात त्याहून पुष्कळ अधिक माणसे बसलेली आहेत. सभा संपल्यावर मी वाचनालयाच्या कचेरीत थांबणार आहे. ज्यांच्याजवळ एखादा प्रश्न असेल त्यांनी तो कागदावर लिहून द्यावा. चित्र काढता येते की नाही याची चिंता करू नये. आधी प्रश्न हवेत.